ताट रंगवणारे पाष्टे सर

"बाई, तुमचं ताट नुसतं रेखाटून झालंय. रंगवायचं राहिलं."

एका बारशाच्या भर पंगतीत पाष्टे सर मला हे म्हणाले. माझ्या ताटात मऊ भात, त्यावर दही, कडेला ओल्या खोबऱ्याची चटणी आणि तांदळाचा पापड एवढंच होतं. पित्त खवळलं होतं, म्हणून सोसेल तेवढंच वाढून घेतलेलं. सर उठले, वाढप्याच्या हातातला डाव काढून घेतला आणि बिटाची कोशिंबीर, गाजराचे काप, लिंबाची फोड असं एकेक माझ्या ताटात मांडलं. मग दोन पावलं मागे सरले, एक डोळा मिटून पाहिलं, लिंबाची फोड जराशी वर सरकवली आणि म्हणाले, "हां, आता जमलं. बसा जेवायला." मी बसलेलीच होते. शेजारची बाई पदर तोंडाला लावून हसत होती.

मी तशी फटकळ. दुसऱ्या कोणी माझ्या ताटाला हात लावला असता तर त्याची धडगत नव्हती. अख्खी नोकरी शाळेत विज्ञान शिकवण्यात गेली. जीवनसत्त्वांचा तक्ता फळ्यावर काढून काढून बोटं झिजली. आणि त्याच शाळेतला चित्रकलेचा मास्तर मला गाजराचं महत्त्व सांगणार! पण पाष्टे सरांवर रागावून उपयोग नसे. आपण रागावलो की ते आपल्या चेहऱ्याकडे निरखून बघत आणि म्हणत, "चेहऱ्यावर लाली आली बघा. रक्त चांगलं आहे. पालेभाजी खाता वाटतं?"

निवृत्त झाल्यावर आम्ही दोघं शेजारी झालो. म्हणजे रत्नागिरीत त्यांनी घर बांधलं ते नेमकं आमच्या गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, लागून. माझ्या यजमानांना तेव्हा फार आनंद झाला होता. ते दूधभातावर वाढलेले. सर पहिल्याच आठवड्यात जेवणाच्या वेळी टपकले, ह्यांच्या ताटाकडे बघून सुस्कारा टाकला आणि म्हणाले, "भाऊ, कोरा कागद गिळताय." तेव्हापासून आमच्याकडे जेवताना पुढचं दार लावून घेण्याची पद्धत पडली. मग सर मागच्या दाराने येऊ लागले.

सरांचा सिद्धांत साधा होता. ज्याने जीवनसत्त्वांना अ, ब, क अशी नावं दिली त्याला चित्रकला येत नसणार. ती रंगांवरून ठेवायला हवी होती. नारिंगी डोळ्याला आणि कातडीला, हिरवा रक्ताला, लाल काळजाला. जांभळा कशाला हे मी अनेकदा विचारलं, पण प्रत्येक वेळी उत्तर वेगळं आलं. आणि पांढरा? पांढऱ्याचं नाव काढलं की सर तिरीमिरीत येत. "पांढरा म्हणजे कागद, बाई. कागद कोण खातं? वाळवी!" भात, साखर, मैदा, साबुदाणा ही सगळी वाळवीची खाद्यं. उपवासाच्या दिवशी तर ते आळीतून मान खाली घालून जात. गोळ्यांवरही त्यांचा राग. "गोळीत रंग असतो, चित्र नसतं," म्हणत.

बाजारात त्यांच्याबरोबर जाणं ही शिक्षा होती. भाजीवालीने मांडलेली भाजी ते तिला न विचारता हलवून नव्याने मांडत. टोमॅटोशेजारी भोपळा, भोपळ्याशेजारी लिंबं, मग मिरच्या, मग शेवग्याचा पाला, शेवटी वांगी. मांडून झालं की कौतुकाने बघत उभे राहत. एकदा एक जण वैतागून म्हणाली, "मास्तर, घेताव काय नुसतं बघताव?" सर म्हणाले, "बघू दे गं. बघणं पण पोटात जातं."

काजूच्या दिवसांत त्यांना ऊत येई. बी काढून घेतली की लोक बोंडं झाडाखाली टाकून देतात. सर पिशवी घेऊन बागांतून हिंडत आणि ती लालपिवळी बोंडं घरोघर वाटत. "संत्र्यापेक्षा जास्त क आहे यात, बाई. आपण गुरांसमोर टाकतो आणि संत्री नागपूरहून मागवतो." हे मात्र खरं होतं, आणि तसं मी कबूलही केलं. त्या रसाचे डाग कपड्यावरून जात नाहीत. त्यामुळे सरांचा एकही सदरा धड उरला नव्हता. पावसाळी रानभाज्यांत टाकळा उगवला की टाकळा, भारंगी आली की भारंगी, पुढे पपनस, मग आवळा. आळीतल्या पोरांना खाऊ म्हणून पेरूच मिळायचा, आणि पोरं सरांना बघून पळायची.

बाहेरच्या लोकांना हे वेड वाटे. वेड कुठून आलं ते मला दिसत होतं, कारण आमच्या मागच्या पडवीचं तोंड त्यांच्या मागच्या पडवीकडे होतं, आणि त्या पडवीत सुनंदावहिनी मिश्री भाजत.

वहिनी संगमेश्वराकडच्या एका खेड्यातल्या. ठेंगण्या, हसऱ्या, हाताला कधी उसंत नसलेल्या. माहेरी सगळ्या बायका मिश्री लावायच्या. आईने तव्यावर तंबाखू भाजावी, पाट्यावर वाटावी, आणि लावणीला उतरण्याआधी सगळ्यांनी चिमूट चिमूट दातांना घासून गडग्यावर बसावं, अशी त्यांची रीत. लग्नानंतर सरांच्या घरी आल्या त्या डबी कनवटीला घेऊनच. सरांनी समजावलं, रागावून पाहिलं, एकदा डबी विहिरीत टाकली. वहिनी दोन दिवस आडव्या पडल्या, डोकं बांधून. तिसऱ्या दिवशी सर स्वतः जाऊन तंबाखू घेऊन आले.

मी एकदा वहिनींना बोलले, की हे वाईट आहे, तोंडाचा कॅन्सर होतो. त्या हसल्या. "बाय, माज्या आयेनं मरंस्तवर लावली. म्हातारी फणसाच्या झाडावरनं पडून मेली."

मी आपली घरी परतले.

मग केव्हातरी सरांच्या वाचनात आलं, की जे लोक फळं, पालेभाज्या भरपूर खातात त्यांना तोंडाचा, घशाचा कॅन्सर कमी होताना दिसतो. झालं. बुडणाऱ्याला काडी मिळाली. वहिनींची मिश्री सुटत नव्हती, पण ताट सरांच्या हातात होतं. सगळे रंग, सगळे सिद्धांत, वाळवी आणि बोंडं, सगळं तिथून सुरू झालं. आमची ताटं रंगवणं हा नुसता वरकड उद्योग होता. त्यांना एकच ताट रंगवायचं होतं.

त्यांनी वहिनींशी एक करार केला. मिश्री लावायची तर लाव, पण चूळ भरल्यावर एक आवळा खायचा. आवळे नसतील तेव्हा पेरू, पेरू नसेल तेव्हा बोंड, काहीच नसेल तेव्हा मिठात घातलेला आवळा. वहिनींनी तो करार आनंदाने पाळला. इतक्या आनंदाने, की पूर्वी ज्या सकाळ-संध्याकाळ मिश्री लावत त्या दुपारीही लावायला लागल्या. मला म्हणाल्या, "मिश्रीच्या मागनं आवळा काय ग्वाड लागतो वो बाय! आनि आता भ्याव बी नाय. मास्तरांनी उतारा दिल्यानी."

मी गडग्यावरून सरांना हाक मारली आणि चांगलं सुनावलं. "सर, फळं खाल्ल्याने धोका कमी होतो म्हणजे तंबाखूचा हिशेब पुसला जातो असं नाही. विष पाजायचं आणि वर लिंबूपाणी द्यायचं, याला औषध म्हणत नाहीत."

सरांनी हातातली पेरूंची पिशवी गडग्यावर ठेवली. मग म्हणाले, "बाई, तुमचं बरोबर आहे. पण तुम्ही तिला डोकं बांधून पडलेली बघितली नाहीत. मला तिला तशी बघवत नाही. जे माझ्या हातात आहे ते मी करतो." आणि मला दोन पेरू दिले.

पुढे वहिनींची दाढ दुखायला लागली. दातांच्या डॉक्टरने दाढेचं सोडून गालाच्या आत बघितलं आणि सरांना बाजूला घेतलं. आत एक पांढरा चट्टा होता. मिश्री आजच्या आज बंद करा आणि मोठ्या डॉक्टरांना दाखवा, तुकडा काढून तपासावा लागेल, असं त्याने स्पष्ट सांगितलं.

सरांनी घरी येऊन मला सांगितलं, तेव्हा त्यांचा आवाज चमत्कारिक झाला होता. "पांढरा आहे, बाई," म्हणाले. जणू कोणी त्यांच्या घरात शिरून त्यांच्याच चित्रावर चुना फासला होता.

मिश्री बंद झाली. या वेळी वहिनी खरंच घाबरल्या आणि त्यांनी डबी आपल्या हाताने चुलीत टाकली. पण मोठ्या डॉक्टरांकडे जाणं लांबलं. तुकडा काढणार म्हटल्यावर वहिनींनी नन्नाचा पाढा लावला. "सुरी लागली की पसारतो, आमच्याकडं समदी सांगतात." आणि सरांना तेच ऐकायचं होतं. "एवढा पावसाळा जाऊ दे," ते म्हणाले. "आता मिश्री नाही, नुसते रंगच जाणार पोटात. बघा कसा पुसून निघतो."

मी आकांडतांडव केलं. ह्यांनाही मध्ये घातलं. पुण्याला सरांची मुलगी असते, तिला मी फोन केला, तिने रोज फोनवर भांडण मांडलं. सर सगळ्यांचं ऐकत आणि टाकळा निवडत बसत.

त्या पावसाळ्यात रोज सकाळी त्यांच्या पडवीतून आवाज येई, "आ कर. आणखी आ. उजेडाकडे वळ." वहिनी पायरीवर बसून तोंड उघडत आणि सर टॉर्चच्या उजेडात एक डोळा मिटून बघत. चट्ट्याचा रंग त्यांना रोज वेगळा दिसे. "आज कडेला गुलाबी पुढे सरकलाय," असं मला गडग्यावरून सांगत. दुसऱ्या दिवशी, "आज जरा ढगाळ आहे, नीट दिसलं नाही." ज्या माणसाने पोरांना कित्येक वर्षं सांगितलं, की डोळ्यांना दिसतं ते काढा, मनातलं काढू नका, तोच माणूस रोज सकाळी बायकोच्या गालात मनातलं बघत होता. हे मला तेव्हाही कळत होतं आणि माझ्या जिवाची नुसती तगमग होत होती.

गणपतीत वहिनींना तिखट सोसेना झालं. मग गरम सोसेना. मग गौरी विसर्जनाच्या दिवशी त्या मोदकाचा घास तोंडात घेऊन बसल्या आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. तो घास त्यांनी हळूच बोटाने बाहेर काढला. सरांनी ते बघितलं. दुसऱ्या दिवशी पहाटे दोघं मुलीकडे गेली आणि तिथून मुंबईला, मोठ्या इस्पितळात.

जबड्याचा एक भाग आणि जिभेचा तुकडा काढावा लागला. मग वीज दिली, म्हणजे रेडिएशन. परत आल्या तेव्हा चेहरा एका बाजूने आत ओढला गेला होता, बोलणं बंद झालं होतं आणि नाकात नळी होती. गिळायला पुन्हा येईल की नाही ते डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं. येईलही, नाहीही, बघू या, असं म्हणाले होते. तोवर नळीवाटेच जेवण.

आणि पाष्टे सर गप्प झाले.

त्या दिवाळीनंतर एका लग्नात ते माझ्या समोरच बसले होते. मी मुद्दामच ताटात भात, दही आणि खोबऱ्याची चटणी घेतली. सर क्षणभर बघत राहिले. काही बोलले नाहीत. स्वतःच्या ताटातलं जेवले आणि उठले. इतकी वर्षं या माणसाने मला सुखाने जेवू दिलं नाही म्हणून कुरकुरणारी मी, त्या दिवशी मला तो दहीभात जाईना. काहीतरी बोला हो सर, असं फार फार वाटलं.

परतताना रिक्षा मिळेना, म्हणून आम्ही चालत निघालो. मधेच ते म्हणाले, "बाई, वर्गात पोरगा चुकीची रेघ काढून वर रंग द्यायला लागला की मी काय करायचो?"

"पट्टी मारायचात."

"मारायचो. आणि सांगायचो, आधी ती रेघ खोड. कितीही चांगला रंग दे, खालची रेघ दिसतेच." थोडं चालून ते पुन्हा बोलले, "घरात मी तिला खोडायला लावलं नाही. वरून रंग देत बसलो. तिला वाटलं, मास्तर देतायत म्हणजे चालतं."

मी विज्ञानाची बाई. मला सांगता आलं असतं, की इतक्या वर्षांची मिश्री होती, कदाचित तुम्ही काहीही केलं असतं तरी हेच झालं असतं. हे खरंही आहे. लवकर दाखवलं असतं तर कदाचित एवढं कापावं लागलं नसतं, हेही खरं आहे. मी त्यांचा हात धरला. पुरुषाचा हात असा रस्त्यात धरण्याचं माझं वय आता उलटून गेलं आहे, त्यामुळे कोणी बघितलं असलं तरी हरकत नव्हती.

परवा दुपारी मी त्यांच्याकडे गेले होते. मुलगी राहून, रडून, सगळं शिकवून परत गेली होती. आता स्वयंपाक सरच करतात. इस्पितळातून सांगितलं होतं, की भात, डाळ, भाजी सगळं शिजवून मिक्सरमधून एकत्र काढा, गाळा आणि सिरिंजने नळीतून द्या. सोपं काम. अर्ध्या तासात उरकणारं.

सर ओट्यापाशी घामाघूम उभे होते. ओट्यावर पाच पेले. एकात लाल भोपळा, एकात शेवग्याच्या पाल्याची डाळ, एकात बीट, एकात पपई, आणि एकात, मी नीट बघितलं, मऊ भाताची पेज. पांढरी. प्रत्येक जिन्नस वेगळा शिजवलेला, वेगळा वाटलेला, वेगळा गाळलेला. दर वेळी मिक्सरचं भांडं धुवायचं.

"सर, सगळं एकत्रच करायचं होतं ना?"

"केलं होतं पहिल्या दिवशी," ते म्हणाले. "सगळे रंग एकत्र केले की चिखल होतो, बाई. तिने बघितलं आणि तोंड फिरवलं."

पेले ताटात मांडून ते बाहेर आले. वहिनी खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या. सरांनी ताट त्यांच्यासमोर धरलं. त्यांनी एकेक पेला बघितला आणि बोटाने भोपळ्याचा पेला दाखवला. आधी हा.

सरांनी सिरिंजमध्ये भोपळा घेतला आणि नळीतून अगदी सावकाश सोडू लागले. "भोपळा आहे. आपल्या परसातलाच. मेथीची फोडणी दिलीय, तू देतेस तशी." मग थोडं पाणी. मग, "आता डाळ. पाला कोवळा मिळाला आज." वहिनी डोळे मिटून ऐकत होत्या. नळी नाकातून सरळ पोटात जाते, जिभेला त्यातलं काही कळत नाही. त्या बाईचं सगळं जेवण आता कानांनी चाललं होतं. मी खिडकीबाहेर बघत राहिले, कारण दुसरीकडे कुठे बघवेना.

या घरात इतकी वर्षं जेवताना वहिनी एक प्रश्न विचारायच्या आणि सर कधी धड उत्तर द्यायचे नाहीत, रंगच बघत बसायचे. आता स्वयंपाक त्यांच्याकडे आला तसा तो प्रश्नही त्यांच्याकडे आला असावा. पेजेचा पेला हातात घेऊन, सिरिंज भरता भरता, त्यांनी सहज विचारलं, "मीठ बरोबर आहे ना गं?"

विचारलं आणि त्यांचा हात तिथेच थांबला. चेहरा असा उतरला की मला त्यांच्याकडे बघवेना. काय बोललो हे त्यांच्या ध्यानात आलं होतं.

वहिनींनी डोळे उघडले. सरांकडे जरा वेळ बघितलं. मग हात वर केला, अंगठा आणि बोट जुळवून दाखवलं आणि मान हलवली. चिमूटभर कमी आहे.

सर पेला घेऊन उठले, आत गेले, मीठ घालून ढवळून घेऊन आले. स्वतः तळहातावर घेऊन चाखलं.

"आता बघ," म्हणाले, आणि सिरिंज भरली. पेज नळीतून हळूहळू खाली गेली. वहिनींनी थोडं थांबून मान डोलावली. आता बरोबर.